चार महिने एकच उतारा

कोपऱ्यातल्या बाई हसत का नाहीत, याविषयी शिक्षकांच्या खोलीत तीन मतं होती. गणिताच्या सरांचं मत थायरॉइड. गाण्याच्या बाईंचं मत नवरा. नवऱ्याचं नेमकं काय ते त्या बोलत नसत, पण भुवया अशा काही उडवत की ऐकणाऱ्यानं आपल्या सोयीचं समजून घ्यावं. आणि शिपाईमामांचं मत घमेंड. मामा एकवीस वर्षं शाळेची घंटा देत आले होते. आपल्या घंटेला जो धावत नाही तो घमेंडखोर, एवढं त्यांचं शास्त्र सोपं होतं.

तिघांचाही नेम चुकलेला. थायरॉइड ठणठणीत होतं. नवरा इतका सरळमार्गी, की त्याच्याविषयी कुजबुज करायला बसलं तर कुजबुजणाऱ्यालाच जांभई यावी. आणि घमेंड करायला माणसाला स्वतःची थोडी तरी आवड लागते. बाईंना ती कधीचीच उरली नव्हती. त्यांना झालं काहीच नव्हतं, आणि शिक्षकांच्या खोलीला नेमकं हेच पचलं नसतं. कोणी गेलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपल्याच तोंडावर असून शेजाऱ्याचा वाटतो, तसं बाईंना सगळ्याच गोष्टींचं होत चाललं होतं. दुखत नव्हतं. गुदगुल्याही होत नव्हत्या.

एकोणीस वर्षं त्या याच शाळेत, याच खोलीत. सहावी, सातवी, आठवीतल्या ज्या मुलांना वाचता येत नाही, आकडे उलटे दिसतात, एका जागी बसवत नाही किंवा एकदा बसलं की उठवत नाही, ती मुलं रोज दोन तास आपापला वर्ग सोडून त्यांच्याकडे येत. दारावर 'विशेष शिक्षण कक्ष' अशी पाटी होती, पण तिच्याकडे मान वर करून कोण बघतंय? तिसऱ्या मजल्यावर बोळ संपतो तिथली, खेळाच्या सामानाच्या शेजारची ती खोली. सगळे नुसतं 'कोपरा' म्हणत. पूर्वी तिथं प्रयोगशाळेची भांडी धूत. म्हणून एका भिंतीला मोरी होती आणि कितीही पिळला तरी पूर्ण न मिटणारा एक नळ होता. नवीन मुलं त्या ठिबकण्यानं बेजार होत. बाईंना तो ऐकूच येत नसे.

या वर्षी शाळा उघडली त्याच आठवड्यात एका नव्या मुलानं बाईंच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गातून दोन शिक्षक धावत आले. ओरडत होती ती बाकीची मुलं. बाई दातांच्या खुणा निरखत होत्या. "पुढचे दोन दात वाकडे येतायत याचे," त्या म्हणाल्या, "आईच्या कानावर घालायला हवं." मग मनगट नळाखाली धरलं आणि तास पुढे चालू. गाण्याच्या बाईंना हा किस्सा आठवडाभर पुरला.

त्याच खोलीत सातवीतली एक मुलगी येत असे. तिला सगळी शाळा 'वकीलीण' म्हणे. काहीही सांगा, ती मान तिरकी करून विचारणार, "कशावरून?" पृथ्वी गोल आहे. कशावरून? उद्या सुट्टी आहे. कशावरून? एकदा हेडसरांनी सकाळच्या रांगेत भरल्या गळ्यानं सांगितलं, "माझं तुम्हा सगळ्यांवर सारखंच प्रेम आहे." रांगेच्या टोकाकडून आलंच, "कशावरून?" हेडसरांना त्या दिवशी भाषण आटोपतं घ्यावं लागलं. बोलायला दहा जणांना भारी, पण समोर लिहिलेला कागद आला की वकीलीण मुकी व्हायची. तिची आई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या बाजूला बसून लोकांच्या कोटांची बटणं आणि अस्तरं नीट करून द्यायची. घरात त्या दोघीच.

वाचन मोजायची बाईंची एक रीत होती. महिन्यातून एकदा मुलाला त्यानं पूर्वी न पाहिलेला एक उतारा द्यायचा. घड्याळ लावायचं. मिनिटभरात किती शब्द बरोबर आले ते मोजून आलेखावर ठिपका द्यायचा. मग चुका कळाव्यात म्हणून तोच उतारा बाईंनी एकदा मोठ्यानं वाचून दाखवायचा. हे उतारे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी, अंगात हौस होती तेव्हा, शाईच्या पेनानं टपोऱ्या अक्षरांत जाड कार्डांवर लिहून काढले होते. प्रत्येक मुलाचं खोकं वेगळं. वरचं कार्ड घ्यायचं आणि झालं की तळाशी घालायचं, म्हणजे तो उतारा त्या मुलाच्या वाट्याला पुन्हा येत नाही. एवढं सोपं, की चुकायला काही जागाच नाही.

बाईंनी जागा काढली. वकिलिणीचं कार्ड वाचून झालं की त्या ते तळाशी न घालता परत वरच ठेवू लागल्या. मुद्दाम नव्हे. एकोणीस वर्षं खोक्यातली कार्डं उचलून खाली सरकवणाऱ्या हातानं एक दिवस ते काम सोडून दिलं, आणि मालकिणीला कळवलंही नाही. मुलगी वाचायची तेव्हा बाईंची नजर घड्याळाच्या काट्यावर असे, बोट शब्द मोजत असे, आणि कान कुठं असत ते देव जाणे. पहिल्या महिन्यात नऊ शब्द आले. दुसऱ्या महिन्यात चौतीस. तिसऱ्यात एकसष्ट. चौथ्यात अठ्ठ्याऐंशी.

आलेखाची रेष भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखी सरळ वर गेली. हेडसर तिच्यावर खूश. त्यांनी तो कागद आपल्या खोलीत काचेखाली लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. ऐंशीच्या वर शब्द गेले की कोपऱ्यातून नाव कमी करायचं आणि मुलाला दिवसभरासाठी त्याच्या वर्गात पाठवायचं, असा नियम होता. त्या मोठ्या वर्गात पंचेचाळीस मुलं. आणि एकदा नाव कमी झालं की वर्षभर परत येणं नाही. ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाची.

"शुक्रवारी तिच्या आईला नाव कमी करायच्या कागदावर सहीला बोलावलंय," हेडसर सोमवारी म्हणाले. "शनिवारी तपासणीसाहेब येतायत. तेवढ्यात अजून एक ठिपका वर टाकता आला तर बघा ना, बाई."

बाईंनी वकिलिणीला बसवलं आणि वरचं कार्ड तिच्या हातात दिलं. घड्याळ सुरू केलं.

"गावाबाहेर एका माळ्याची बाग होती," वकिलिणीनं सुरुवात केली, आणि आगगाडी सुटावी तशी सुटली. मिनिट संपलं. ब्याण्णव. बाईंनी चुकांवर खुणा करायला कार्ड परत घेतलं, तर त्याच्या मधोमध चहा सांडलेला. सकाळी त्यांनीच खोक्यावर कप ठेवला होता. शाई विरघळून तीन ओळींचं निळंकरडं डबकं झालं होतं. त्या तीन ओळींतलं एक अक्षर कोणाच्या बापाला वाचता आलं नसतं. मुलगी त्या ओळींवरून खडखडत निघून गेली होती.

"झालं?" वकिलिणीनं विचारलं.

"झालं. जा."

ती गेल्यावर बाईंनी खालची कार्डं काढून पाहिली. दुसऱ्या कार्डाच्या कडेवर धूळ होती. तिसऱ्याच्याही. चार महिने तिथपर्यंत हात गेला नव्हता. खरं तर इथं छातीत धस्स व्हायला हवं होतं, तळव्यांना घाम फुटायला हवा होता. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. मग त्यांनी कप धुतला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होता.

"मग सांगून टाक हेडसरांना," तो म्हणाला.

"सांगेन."

"मग अशी का उभी आहेस?"

"कशी?"

"सुरी हातात धरून. दहा मिनिटं झाली, एक कांदा चिरलेला नाही."

"अहो, मला वाईट वाटायला हवं ना?"

"वाटत नाहीये?"

"नाही."

नवऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली. विचार केला. हा माणूस विचार करताना दिसे, हा त्याचा एक मोठा गुण होता. "मग वाटायची वाट बघत बसू नकोस," तो म्हणाला. "न वाटताच सांग. चूक तीच राहते." आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. गाण्याच्या बाईंना सांगायची सोय नाही, पण सरळमार्गी नवऱ्याचाही असा कधीतरी उपयोग होतो.

मंगळवारी बाईंनी वकिलिणीपुढे दुसरं कार्ड ठेवलं. तिनं ते बघितलं आणि बोटानं परत सरकवलं.

"हा माझा नाही."

"कोणाचा आहे मग?"

"मला काय माहीत? माझा माळ्याचा."

"आज हा वाच."

मिनिट संपलं तेव्हा सात शब्द झाले होते. मुलीचे कान लाल झाले होते. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या ऐकत होत्या, आणि बऱ्याच दिवसांनी केलेलं कोणतंही काम जमतं तसं ते अवघडून जमत होतं.

"तुम्ही हा मला म्हणून दाखवला नाहीत ना, बाई," वकीलीण म्हणाली. "दोनदा म्हणा. मग येईल."

"आणि मोठ्या वर्गात काय करशील? तिथली पुस्तकं?"

वकीलीण एकदम पुढे वाकली, बऱ्याच दिवसांचं साठलेलं बोलायला मिळाल्यासारखी. "तेच तर म्हणतेय! बाकीच्यांचं कसं होतं हो? ती माझ्या शेजारची, शाळा सुटली की नाचाच्या क्लासला जाते. तिचं कधी होतं पाठ? इतिहासाचं पुस्तक केवढं जाड आहे! माळ्याचं करायलाच मला केवढा वेळ लागला."

"कोणाचं काय पाठ?"

"सगळ्यांचं सगळं."

बाईंच्या आता ध्यानात आलं. अक्षरं म्हणजे घोकलेलं आठवावं म्हणून कागदावर ठेवलेल्या खुणा, असा त्या मुलीचा सात वर्षं समज होता. सगळी शाळा घरी जाऊन घोकते आणि दुसऱ्या दिवशी कागद समोर धरून म्हणते. आपलंच डोकं तेवढं लहान.

"अगं, त्यांचं पाठ नसतं," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलाचा खण ओढला. तळाला कोणीतरी केव्हातरी अंथरलेलं वर्तमानपत्र होतं; त्याचा एक तुकडा त्यांनी टरकावून काढला. "हा कागद मी आजवर पाहिलेला नाही. ऐक. 'जुने फर्निचर विकणे आहे. कपाट उत्तम स्थितीत. एक दार नाही.'"

"तुम्ही पाठ केलं असेल."

"कपाटाला एक दार नाही हे मी कशाला पाठ करू?"

हा मुद्दा मात्र वकिलिणीला पटला. तिनं तो तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकाजवळ नेला. "म्हणजे ते इथं आहे? दार नाही असं?"

"हो."

"आणि बघितलं की कळतं? आधी कोणी सांगितलं नसलं तरी?"

"कळतं. शिकायला वेळ लागतो. पण कळतं."

नळ ठिबकत होता. मुलगी कागदावरच्या त्या कपाटाकडे बघत बसली.

"मग हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मी सांगायला हवं होतं."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, बसच्या वेळा सांगाव्यात तसा. पण त्या दिवशी त्यांनी मुलीला दोन तासांऐवजी तीन तास ठेवून घेतलं, आणि माळ्याचं कार्ड फाडून मोरीखालच्या डब्यात टाकलं.

बुधवारी हेडसरांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. तिला. आता तुम्हाला."

"म्हणजे तसं कोणालाच नाही." त्यांचा चेहरा उजळला. "बाई, रेष वर गेलीय. वर गेलेली रेष स्वतःच्या हातानं खाली ओढणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिलेला नाही. शिवाय पोरगी हुशार आहे, निभावून नेईल."

"तेच तर. निभावून नेईल."

"मग तुम्हाला लेखी द्यावं लागेल. तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल."

"व्हायलाच हवी."

हेडसरांनी चष्मा काढला. "तुम्हाला काही वाटतच नाही का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. अगदी खरं तेच म्हणाल्या. हेडसरांना तो उद्धटपणा वाटला, आणि शुक्रवारचा कागद त्यांनी ठरल्याप्रमाणे टाइप करायला टाकला. सही आईची लागते. आई करत असेल तर अडवणाऱ्या बाई कोण?

शुक्रवारी दुपारी आई आली. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे, पण कॉलरला दोरा ओवलेली सुई तशीच खोचलेली. ती काढायला विसरली होती. हेडसरांनी काचेखालचा आलेख दाखवला. तिनं रेषेवरून बोट फिरवलं, पायथ्यापासून टोकापर्यंत. मग हेडसरांनी कागद पुढे केला.

"ताई, सही करू नका," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. खोकं, कार्ड, चहा, सात शब्द. मधे एकदाही थांबल्या नाहीत, एकदाही घसा खाकरला नाही. हेडसर खिडकीबाहेर बघत राहिले.

आईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती उभी राहिली. "दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलंय मी. कोट न्यायला आलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या माणसाला थांबवून सांगितलं, माझी मुलगी वाचायला लागली म्हणून. घरी रोज म्हणायची ती, माळ्याची बाग, माळ्याची बाग. मी बटणं लावता लावता ऐकायची. मला वाटायचं, आवडतं तिला."

"हो."

"हो काय? हो काय नुसतं? जरा काही चेहऱ्यावर येऊ द्या तुमच्या!"

बाईंच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. यायचं असतं तर त्यांनी अडवलं नसतं.

"आणा तो कागद," आई हेडसरांना म्हणाली. "जाऊ दे तिला मोठ्या वर्गात. इथं राहून तरी कोणतं भलं झालं?"

हेडसरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलेलंच होतं. आईनं पेन घेतलं, कागदावर टेकवलं.

"तिथं पंचेचाळीस मुलं आहेत," बाई म्हणाल्या. "तिथंही ती ऐकून पाठ करेल. काठावर पास होईल. कोणाला कळणार नाही. मला चार महिने कळलं नाही, आणि माझं तर कामच ते आहे. ती माझ्यापासून दोन हातांवर बसून वाचत होती, ताई, आणि मी ऐकत नव्हते."

पेन टेकलेलंच राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होऊ लागला.

"आता ऐकता?" आईनं वर न बघता विचारलं.

"मंगळवारपासून. आज चौथा दिवस."

"आणि पुढं?"

"माहीत नाही. वचन देईन, पण त्याचा भरवसा मलाच नाही."

हेडसर खोकले. अशा वेळी माणसानं निदान दोन शब्द बरे बोलावेत, असं त्या खोकल्यात होतं. आईनं मात्र पहिल्यांदा बाईंकडे नीट निरखून पाहिलं, फाटलेलं अस्तर दुरुस्त होण्याजोगं आहे की टाकून द्यायचं ते बघतात तसं. मग पेन खाली ठेवलं.

"शुक्रवारी दुपारी आमचं दुकान बंद असतं," ती म्हणाली. "दर शुक्रवारी मी इथं येऊन बसणार. तिच्यासाठी नाही. तुमच्यावर डोळा ठेवायला."

"या."

"अहो, पण पालकांनी असं वर्गात बसणं हे नियमात..." हेडसरांनी सुरुवात केली.

"नियमांचं तुम्ही बघा. उद्या कोणी साहेब येतायत म्हणे. येऊ का मी त्यांना माळ्याची गोष्ट सांगायला?"

हेडसरांनी पेनाचं टोपण लावलं. शनिवारी तपासणीसाहेब आले तेव्हा काचेखाली वार्षिक क्रीडास्पर्धेचा फोटो होता. सोमवारी बाईंना कारण विचारणारी नोटीस आली; त्यांनी ती वाचली, सही केली आणि खाली तारीख घातली. शिपाईमामा नोटीस घेऊन उभेच होते, काहीतरी बघायला मिळेल या आशेनं. "मामा, दार ओढून घ्या," एवढंच मिळालं.

पुढच्या शुक्रवारी आई आली ती कुणाचा तरी राखाडी कोट घेऊनच. मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसली, गुडघे छातीपाशी, कोट मांडीवर. लेकीकडे तिनं पाहिलंही नाही. तिची नजर बाईंवर, आणि सुई आपली चालू.

महिना व्हायची वाट न बघता बाईंनी नवं कार्ड काढलं. वकिलिणीनं बोट अक्षराखाली धरलं. एक एक अक्षर ओढून काढत, दोनदा थांबून, एकदा मागे जाऊन ती पुढे सरकत राहिली. मिनिट संपलं.

"ऐकलंत?" आईनं विचारलं.

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "'पाऊल'च्या जागी आधी 'चाऊल' म्हणाली. मग आपणहून मागे आली आणि सुधारलं. 'रस्ता'ला अडली, जोडाक्षर आहे. ते अजून यायचंय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"अकरा शब्द. चांगलं म्हणता येणार नाही."

"पहिल्या दिवशी सात होते," वकीलीण म्हणाली. "चार जास्त आहेत. आणि हा मला कोणी म्हणून दाखवलेला नव्हता. ते पण लिहा."

बाईंनी कोऱ्या आलेखावर, पार तळाशी, ठिपका दिला आणि त्याच्या बाजूला तेही लिहिलं. आनंद झाला का, असं कोणी विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. आईनं दोरा दातानं तोडला, कोट उलटून दुसरी बाही वर घेतली.

"चला, पुढचं वाच," ती लेकीला म्हणाली. "मला अजून तीन बटणं लावायची आहेत."